तैवानला निघालेल्या बॅगा

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "किसनकाका, तुम्ही इतक्या वेळा तैवानला जाऊन आलात. जाणाऱ्यांसाठी चार टिप्स लिहा ना." मी म्हटलं, लिहीन, पण माझ्या पद्धतीनं लिहीन आणि शुद्धलेखन तुम्ही बघायचं. त्या हो म्हणाल्या. तरी छापून आल्यावर मी ओळ न् ओळ बोट ठेवून वाचणार आहे. संपादक लोक मधलंच काढून टाकतात असं ऐकलंय.

मी चौथी शिकलेला माणूस. कराडकडचा. पुण्यातल्या एका यात्रा कंपनीत आचारी होतो. आपली मराठी माणसं जगात कुठंही गेली तरी संध्याकाळी त्यांना वरणभात लागतो, म्हणून बसबरोबर आचारी आणि शेगडी फिरते. तो आचारी मी. म्हातारपणी मुलीनं इकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आणलं. इथं आठ महिने खिडकीत बसून काढले. मग शेजारच्या गल्लीतल्या वैशालीनं कामाला बोलावलं. ही नागपूरची मुलगी. आयटीतली नोकरी गेल्यावर तिनं घराच्या बेसमेंटमधून रिटायर्ड मराठी लोकांच्या सहली काढायला सुरुवात केली. फक्त तैवानच्या, वर्षातून दोनदा.

तिच्याकडे माझी दोन कामं. पहिलं म्हणजे निघायच्या आधीच्या आठवड्यात घरोघर जाऊन प्रत्येकाची बॅग उघडून बघायची. दुसरं, सहलीत सगळ्यांच्या मागं चालायचं आणि माणसं मोजायची. पुढं झेंडी घेऊन वैशाली, मागं मी. लोकांना झेंडीवाली दिसते. पण माणूस हरवतो तो मागच्या बाजूनं.

बॅगा का उघडायच्या, असं बरेच जण चिडून विचारतात. तैवानच्या विमानतळावर छोटी छोटी कुत्री बॅगा हुंगत फिरतात. मांसाचा पदार्थ सापडला तर दंड असा की तोंडचं पाणी पळेल. ताजी फळं चालत नाहीत, झाडपाला चालत नाही. आपले लोक म्हणतात, आम्ही कुठं मांस नेतो? मांस नाही नेत. कढीपत्ता नेतात.

एका काकूंनी देवाच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून जुडी ठेवली होती. वर गणपती.

"देवाला हात लावू नका हं," काकू म्हणाल्या.

"देवाला नाही लावत. देवाच्या खाली लावतो."

काढली जुडी. काकू त्या सहलीत शेवटपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, पण माझी आमटी मात्र दोनदा मागून घेत होत्या.

लांब मिशिगनमधल्या ट्रॉयहून एक इंजिनियर यायचे, त्यांची बॅग मी वैशालीच्या घरी उघडायचो. मोटारीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. बायकोला बस लागते म्हणून त्यांनी मोज्यांत लिंबं भरली होती.

"काका, मोजे गुंडाळून ठेवलेत, बाकी काही नाही."

"मग एक पिळून बघू?"

असं चालायचं. पाच बॅगांमागं एक तरी खोटं सापडायचंच. त्यामुळं मी बॅग उघडतानाच धरून चालतो की समोरचा काहीतरी लपवतोय. ही सवय वाईट असेल, पण माझ्या कारकिर्दीत एकालाही विमानतळावर कुत्र्यानं अडवलेलं नाही. हे मी अभिमानानं लिहितो. संपादकबाईंनी हे वाक्य काढू नये.

आता टिपा. इथल्या लोकांना तैवानला प्लगची पिन बदलावी लागत नाही, अमेरिकेतलीच चालते. गाड्याही उजवीकडून चालतात. उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढं वादळं येतात, म्हणून नोव्हेंबरात नाहीतर मार्चात जा. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. ग्रीनकार्ड आहे पण पासपोर्ट भारताचा आहे, त्यांना आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. नियम बदलतात. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. गोळ्या मूळच्या बाटल्यांतून न्या. सात दिवसांच्या रंगीत डबीत भरलेल्या गोळ्या कसल्या, ते तिथल्या साहेबाला कळायचं काही कारण नाही.

मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचं नाही. मला हे आधी खरं वाटेना. चकचकीत डबा, एसी, आणि घोटभर पाण्याला बंदी? यात काहीतरी पैशाचा डाव असणार. नव्हता. स्वच्छता राहावी एवढंच. रस्त्यावर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. इकडे आइस्क्रीमची गाडी वाजवत येते तसंच. आमच्यातले एक काका पाकीट काढून धावले होते. देवळात जाताना उजव्या दारानं आत, डाव्या दारानं बाहेर. मधलं दार देवाचं. उंबऱ्यावर पाय देऊ नका.

जेवणाचं मात्र नीट वाचा. तिथं शाकाहारी खानावळी खूप. पाटीवर एक ठरावीक चिनी अक्षर असतं, आणि पुष्कळदा बाजूला स्वस्तिक, आपल्यापेक्षा उलट्या हाताचं. कांदा-लसूणसुद्धा नसतो. पण ताटात येतं काय? कोंबडीची तंगडी. माशाचा तुकडा, वर काळपट साल. सगळं सोयाबीनचं आणि शेवाळाचं, असं वैशाली सांगते. मी स्वतः आचारी आहे. सोयाबीनला साल फुटलेली मी जन्मात पाहिली नव्हती. म्हणून मी प्रत्येक डबा उघडून वास घेतल्याशिवाय वाढू देत नसे. लोक वैतागायचे. वैतागू देत.

आता डॉक्टरांची गोष्ट लिहितो. ती लिहू का, नावं बदलू का, असं मी डॉक्टरांना आणि त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, विचारलं. सुमनताई म्हणाल्या, "खरी नावं लिहा. आता लपवायला काय राहिलंय?"

डॉक्टर श्रीधर मराठे. इथलेच, वेस्ट विंडसरचे. मोठे सर्जन, आता रिटायर्ड. त्यांची बॅग बघायला गेलो तेव्हा सुमनताई खाली किचनमध्ये होत्या. डॉक्टरांनी मला वरच्या खोलीत नेलं.

"बसा किसनराव. चहा घेणार?"

मी नको म्हटलं. बॅग उघडली. वरती स्वेटर, खाली शर्ट, अगदी घडीला घडी. पाच मिनिटं झाली नाहीत तोच, "चहा घेणार का?" म्हटलं, आत्ताच नको म्हणालो ना. हसले. मी शर्ट उचलायला लागलो तसे पुन्हा, "किसनराव, तुम्ही चहा नाही घेतलात."

माझं डोकं लगेच तिकडं गेलं. हा माणूस मला बॅगेपासून उठवतोय. म्हणजे बॅगेत काहीतरी आहे. एवढा मोठा डॉक्टर, काय नेत असेल? मी पाहिलेत लोक, परकराच्या नेफ्यात सोनं शिवून नेणारे. मी एकेक शर्ट चाचपत गेलो, तर चौथ्या शर्टाच्या खिशात आतून कापडाची पट्टी शिवलेली. पाचव्यातही. सगळ्या शर्टांत.

टाके बघितले. मी जन्मभर मसाल्याची पोती शिवली आहेत, मला टाका कळतो. बायकांचा टाका धावता असतो. शिंप्याचा मशीनचा. हा तिसराच होता. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला वेगळी गाठ, आणि दोऱ्याची टोकं सगळीकडं एकसारखी कापलेली.

"डॉक्टर, हे कुणी शिवलं?"

"मी. आयुष्यभर लोकांची पोटं शिवली, खिशाचं काय घेऊन बसलात!"

"आत काय आहे?"

मी न विचारताच माझ्या खिशातला नेलकटर काढला आणि टाके उसवले. आत प्लॅस्टिकमध्ये एक चिठ्ठी. वर मराठीत लिहिलेलं, खाली इंग्रजीत, त्याच्याखाली आमच्या हॉटेलचं नाव आणि फोन चिनी अक्षरांत, कुठूनतरी छापून घेतलेला. मला मराठी तेवढं वाचता येतं.

'श्रीधर, घाबरू नकोस. तू फिरायला आला आहेस. आहेस तिथेच उभा राहा. सुमन तुझी बायको. ती येईल.'

मी दोनदा वाचलं. डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं.

"मला विसरायला होतंय," ते म्हणाले. "टेस्ट करून घेतल्यात, बोस्टनला मित्राकडे. सुमनला म्हटलं, रियुनियनला चाललोय."

"ताईंना माहीत नाही?"

"ती तीन वर्षं ही ट्रिप ठरवतेय. आधी माझं हॉस्पिटल, मग तिचा गुडघा. आता कळलं तर ती कॅन्सल करेल आणि मला घेऊन घरात बसेल. परत आल्यावर सांगणार आहे मी तिला."

"आणि मराठीत का लिहिलंत?"

"घाबरलो की इंग्रजी आधी जाईल, असं वाटतं. मराठी शेवटी जाईल."

त्यांनी माझ्या हातातून शर्ट घेतला, ड्रॉवरमधून सुई काढली आणि माझ्यासमोर खिसा परत शिवायला बसले. हात जराही हलत नव्हता. तो हात बघून मला पुन्हा शंका आली, खरंच विसरतात का हे? की आणखी काही आहे? माझा स्वभाव असा आहे, काय करू.

मी म्हटलं, "डॉक्टर, माणसं मोजायचं काम माझं आहे. परवापर्यंत तुम्ही ताईंना सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन."

परवा गेला. त्यांनी सांगितलं नाही. कदाचित सांगायचं विसरलेही असतील, हे माझ्या आज डोक्यात येतं, तेव्हा आलं नाही. तेव्हा वाटलं, हा माणूस मला खेळवतोय. मी वैशालीला फोन केला. वैशालीनं सुमनताईंना केला.

तासाभरात सुमनताई आमच्या दारात. स्वतः ड्राइव्ह करून आल्या होत्या. मुलगी म्हणाली, या मावशी, बसा. बसल्या नाहीत.

"किसनराव, तुम्ही बॅग बघत होतात तेव्हा मी घरात होते की नव्हते?"

"होतात. किचनमध्ये."

"मग जिना उतरून मला का नाही सांगितलंत?"

मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

"सांगा ना. वैशालीला फोन करायला जमलं. मी त्याची बायको आहे, किसनराव. सत्तेचाळीस वर्षं. आणि माझ्या नवऱ्याला काय झालंय ते मला टूरवाल्या मुलीनं फोनवर सांगितलं. ती बिचारी रडत होती, मी तिला समजावत होते!"

"ताई, मला वाटलं तुम्हीही सामील आहात."

"कशात?"

"लपवण्यात."

त्या दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "धन्य आहे तुमची!" आणि गेल्या. मुलगीही माझ्याशी दोन दिवस इंग्रजीत बोलत होती. रागावली की ती असंच करते.

मी माझी बाजू सोडली नाही. नियम नियम आहे. पण दारातून त्या गेल्यानंतर मी पहिल्यांदा मनातल्या मनात त्या घरात पुन्हा चाललो. वरची खोली, जिना, किचन. बारा-पंधरा पावलं असतील.

मला वाटलं आता सहल कॅन्सल. दुसऱ्या दिवशी सुमनताईंनी वैशालीला कळवलं, आम्ही जाणार. डॉक्टरांची हौस म्हणून नव्हे, मला जायचंय. त्याला मी अजून ओळखीची आहे तोवर मला त्याच्याबरोबर कुठंतरी जायचंय. वैशालीनं दोन अटी घातल्या. त्यांच्या डॉक्टरचं पत्र, आणि चोवीस तास सोबत एक माणूस. रात्री सुमनताई, दिवसा मी. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

आम्ही गेलो. अठरा माणसं. पहिले तीन दिवस डॉक्टर माझ्याबरोबर मागं चालत होते. तलावावर बोटीत सुमनताईंनी त्यांना शाल दिली, ती त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, हा म्हातारा गारठलाय. सगळे हसले. मला वाटलं, चला, निभतंय.

चौथ्या दिवशी ताइपेच्या मोठ्या रेल्वे स्टेशनवर होतो. तिथली टीप लक्षात ठेवा. स्टेशन वर कमी, जमिनीखाली जास्त आहे आणि बाहेर पडायची दारं मोजता येणार नाहीत इतकी. प्रत्येक दाराला नंबर असतो. भेटायचं असेल तर स्टेशनवर भेटू म्हणू नका, नंबर सांगा.

गाडीत खायला वैशालीनं शाकाहारी डबे घेतले. बायका रेस्टरूमला गेल्या, सुमनताईही. जाताना त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आहात ना?" मी म्हटलं, आहे.

मी पहिला डबा उघडला. भातावर माशाचा तुकडा. काळी साल, वर तेलाची चमक. मी दुकानदाराला हातानं मासा पोहतो तसं करून दाखवलं. तो मान हलवून नाही नाही म्हणाला. मला पटेना. दुसरा उघडला. तिसरा. वैशाली म्हणाली, "काका, यार, गाडी सुटेल, हे वेज आहे, ट्रस्ट मी!" मी म्हटलं, वास घेऊ दे. अठरा डबे उघडले मी. अठराही डब्यांत सोयाबीन होतं.

वळून बघितलं तर डॉक्टर नव्हते.

त्यानंतरचं धड सांगता येत नाही. वैशाली एकीकडे पळाली, मी एकीकडे. सुमनताई बाहेर आल्या, त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. या वेळी मात्र मी त्यांना आधी सांगितलं, स्वतः सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पळा, माझा गुडघा नको आडवा यायला. मी इथंच थांबते, तो आला तर मी दिसायला पाहिजे." असं म्हणून त्या मधोमध उभ्या राहिल्या. गर्दी दोन्ही बाजूंनी जात होती.

मी जिने चढलो, उतरलो. माझ्या नावावर आजवर एकही हरवलेला माणूस नाही, हेच डोक्यात. हे लिहायला लाज वाटते, पण त्या घटकेला डॉक्टरांपेक्षा मला माझा आकडा आठवत होता.

एका दाराबाहेर पाऊस भुरभुरत होता. तिथं डॉक्टर उभे. ताठ, हात बाजूला, शाळेत कवायतीला उभे करतात तसे. शेजारी एक म्हातारी. माझ्याच वयाची असेल. पायात रबरी चपला, खांद्याला भाजीची पिशवी. तिनं छत्री डॉक्टरांच्या डोक्यावर धरली होती, स्वतः अर्धी भिजत होती. डॉक्टरांचा खिसा उसवून बाहेर लोंबत होता आणि चिठ्ठी तिच्या हातात होती.

मला काय दिसलं? उसवलेला खिसा आणि परकी बाई.

मी धावत जाऊन डॉक्टरांचा दंड धरला आणि त्यांना छत्रीखालून ओढलं. तिच्या हातातून चिठ्ठी हिसकली. डॉक्टर म्हणाले, "अहो, हळू." मी तिच्या तोंडावर त्यांचे खिसे चाचपले. पाकीट, घड्याळ, पासपोर्टची थैली, अंगठी. सगळं जागेवर होतं. ती काहीतरी बोलली, शांतपणे, मला काय कळणार. मग तिनं मान जराशी लववली, छत्री सरळ केली आणि गेली. मी डॉक्टरांना घेऊन आत आलो. सुमनताई होत्या तिथंच उभ्या होत्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, "तू येशील असं लिहिलेलं होतं." सुमनताईंनी डॉक्टरांच्या ओल्या बाहीवर हात ठेवला, बाकी काही नाही.

संध्याकाळी हॉटेलात पोचलो तेव्हा काउंटरवरच्या माणसानं वैशालीला सांगितलं. दुपारी एका बाईचा फोन होता. तुमचा एक पाहुणा अमुक दारापाशी उभा आहे, त्यानं स्वतःच खिसा फाडून मला चिठ्ठी दाखवली, तो घाबरलाय, कुणी येईपर्यंत मी थांबते. हॉटेलवाला वैशालीला फोन लावत होता, पण ती जमिनीखाली होती, लागला नाही.

वैशालीनं हे मराठीत सगळ्यांना सांगितलं. काकू लोकांनी हात जोडले. सुमनताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. दारात येऊन गेल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "किसनराव, त्या बाईंना नीट थँक यू म्हणालात ना?"

"म्हणालो," मी म्हटलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "देव भेटला म्हणायचा."

त्यानंतर त्यांचा माझ्यावरचा राग गेला. आता मी मंगळवारी डॉक्टरांबरोबर फिरायला जातो. ते मला कधी किसनराव म्हणतात, कधी कुठल्यातरी जुन्या कंपाउंडरच्या नावानं हाक मारतात. सुमनताई आम्हाला दोघांना चहा देतात. वैशालीच्या पुढच्या सहलीला मी जातोय. त्या दाराचा नंबर मी लिहून ठेवलाय. तिथं जाऊन दोन दिवस उभं राहिलो तरी ती बाई दिसेल, असं नाही.

सुमनताई, तुम्ही हा अंक पहिल्या पानापासून वाचता, म्हणून इथं लिहितो. मी तिला काहीच म्हणालो नव्हतो.